ऑथेल्लो आणि संशयाने बुडालेला नायक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’ वाचून किंवा पाहून झालं की लोक साधारण तेच ते प्रश्न विचारतात. एवढा कसलेला सेनापती एका रुमालावर कसा फसला? बायकोला सरळ का विचारलं नाही? इयागोचं त्याने असं काय घोडं मारलं होतं? ही उत्तरं लिहिताना मी तटस्थ राहिलेलो नाही. माझं म्हणणं असं, की संशय कुणाच्याही मनात येतो. ऑथेल्लो बुडाला तो संशयात चार दिवस काढता न आल्यामुळे. पुढची बरीचशी उत्तरं याच वाटेने जातात.

नाटकाची गोष्ट थोडक्यात काय आहे?

ऑथेल्लो हा व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचा सेनापती. मूर, म्हणजे काळा आणि परका. पण लढाईची वेळ आली की त्याच्यावाचून व्हेनिसचं पान हलत नाही. ब्रॅबान्शिओ या सिनेटरची मुलगी डेस्डिमोना घरी न सांगता त्याच्याशी लग्न करते. त्याच रात्री तुर्कांचं आरमार सायप्रसवर चालून येत असल्याची बातमी येते आणि ऑथेल्लोची तिकडे रवानगी होते. डेस्डिमोनाही हट्टाने जाते. वादळात तुर्कांचं आरमार बुडतं, लढाई होतच नाही. लढायला आलेल्या माणसांच्या हाताला काम उरत नाही.

इयागो हा ऑथेल्लोचा निशाणदार. बढती आपल्याला मिळायची ती कॅसिओला मिळाली, म्हणून तो आतून धुमसतो आहे. तो कॅसिओला दारू पाजून मारामारीत अडकवतो, त्याचं पद घालवतो, मग त्यालाच डेस्डिमोनाकडे रदबदलीसाठी पाठवतो, आणि ती रदबदली म्हणजे प्रेमप्रकरण आहे असं ऑथेल्लोच्या मनात भरवतो. डेस्डिमोनाचा पडलेला रुमाल इयागोची बायको एमिलिया उचलते आणि इयागो तो कॅसिओच्या खोलीत टाकतो. ऑथेल्लो बायकोला बिछान्यावर गुदमरवून मारतो. एमिलिया खरं काय ते सांगते, इयागो तिला भोसकतो, ऑथेल्लो स्वतःला संपवतो. इयागो मात्र पडदा पडेपर्यंत जिवंत असतो.

नाटक कधीचं? कथा शेक्सपिअरचीच आहे का?

नाटक १६०३–०४ च्या सुमारास लिहिलं गेलं. प्रयोगाची पहिली नोंद १ नोव्हेंबर १६०४ ची आहे: लंडनचा व्हाइटहॉल राजवाडा, समोर राजा पहिला जेम्स. ऑथेल्लोची भूमिका पहिल्यांदा रिचर्ड बर्बेजने केली. छापील प्रत मात्र शेक्सपिअर गेल्यावर सहा वर्षांनी, १६२२ साली निघाली, आणि पुढच्याच वर्षी त्याच्या समग्र नाटकांच्या मोठ्या ग्रंथात दुसरी. दोन्हींत फरक आहेत. डेस्डिमोना मरणाच्या आदल्या तासात म्हणते ते विलो झाडाचं गाणं १६२२ च्या प्रतीत नाही.

कथा जिराल्डी चिंथिओ या इटालियन लेखकाच्या १५६५ सालच्या कथासंग्रहातली. तिथे नाव फक्त नायिकेला आहे. बाकीचे नुसते ‘मूर सेनापती’, ‘निशाणदार’ असे. त्या कथेत निशाणदार नायिकेवर भाळलेला असतो आणि ती दाद देत नाही म्हणून सूड घेतो. खून तर अंगावर काटा आणणारा आहे: वाळू भरलेल्या मोज्याने तिला मारतात आणि अपघात वाटावा म्हणून वर छत पाडतात. मूर पुढे छळ सोसूनही गुन्हा कबूल करत नाही.

शेक्सपिअरने इथे केलेला बदल फार मोठा आहे. त्याचा नायक खून स्वतःच्या हाताने करतो, करण्याआधी तिचं चुंबन घेतो, आणि आपण न्यायच करतो आहोत अशी त्याची खात्री असते. एका ओंगळ गुन्ह्याच्या बातमीतून शोकांतिका उभी राहिली ती या खात्रीमुळे.

ऑथेल्लो मुळातच संशयी होता का?

यावर शंभर वर्षांहून जास्त काळ वाद चालू आहे. ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४ सालच्या आपल्या ग्रंथात बाजू मांडली की ऑथेल्लो उमद्या मनाचा, सहजासहजी संशय न घेणारा माणूस. इयागोसारखा कावेबाज भेटला म्हणून घात झाला. १९३७ मध्ये एफ. आर. लीव्हिस यांनी हे उलटवलं. त्यांच्या मते इयागोला फारसं काही करावंच लागत नाही. ऑथेल्लोचं स्वतःवरचं प्रेम इतकं आहे की जरा धक्का लागताच तो स्वतःच कोसळतो.

मला दोघांचंही अर्धं पटतं. पहिल्या अंकातला ऑथेल्लो पाहा. सासरा हत्यारबंद माणसं घेऊन अंगावर येतो, आणि हा शांतपणे म्हणतो, तलवारी म्यान करा, दवाने गंजतील. हा माणूस चिडका नाही, संशयी तर अजिबात नाही. पण दुसऱ्या अंकात एक प्रसंग आहे आणि तो वाचताना बहुतेकांच्या हातून निसटतो. रात्री पहाऱ्यावर मारामारी होते. ऑथेल्लो झोपेतून उठून येतो. कॅसिओ म्हणतो, माफ करा, मला बोलवत नाही. सायप्रसचा आधीचा कारभारी मोंटानो जखमी आहे, त्याला बोलायचं त्राण नाही. मग ऑथेल्लो एकट्या इयागोची साक्ष घेतो आणि तिथल्या तिथे कॅसिओला पदावरून काढतो. चौकशी, साक्ष, निकाल, शिक्षा, सगळं काही मिनिटांत. सकाळी शुद्धीवर आलेल्या कॅसिओला बोलावून पुन्हा विचारावं हे त्याच्या मनातही येत नाही.

डेस्डिमोनाचा खटलाही पुढे असाच चालतो, तोच साक्षीदार आणि तोच न्यायाधीश घेऊन. रणांगणावर ही सवय कामाची असते. तिथे थांबणारा मरतो. तिसऱ्या अंकात तो स्वतःच्या तोंडाने सांगतो की एकदा शंका आली की आपला निर्णय झालाच म्हणून समज. त्याला ही आपली ताकद वाटते. मला विचाराल तर या नाटकातली सगळ्यात भीतिदायक ओळ हीच.

तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात नेमकं काय घडतं?

हा प्रवेश सुरू होतो तेव्हा ऑथेल्लो सुखी नवरा असतो आणि संपतो तेव्हा त्याने बायकोला मारायचं ठरवलेलं असतं. मध्ये काहीही घडलेलं नसतं. कुणी कुणाला रंगेहाथ पकडलेलं नाही, एक चिठ्ठी सापडलेली नाही. फक्त बोलणं.

सुरुवात एका पुटपुटण्याने होते. कॅसिओ डेस्डिमोनाला भेटून निघून जातो आणि इयागो म्हणतो, ‘हे काही बरं नाही.’ ऑथेल्लो विचारतो, ‘काय म्हणालास?’ उत्तर येतं, ‘काही नाही, महाराज.’ मग ऑथेल्लोच विचारतो, ‘तो आत्ता गेला तो कॅसिओ ना?’ इयागो म्हणतो, ‘कॅसिओ? छे, तुम्हाला येताना पाहून तो असा चोरासारखा कशाला सटकेल?’ ‘चोरासारखा’ हा शब्द त्याने नकाराच्या आत गुंडाळून टाकला.

पुढची चाल त्याहून बारीक आहे. इयागो विचारतो, तुमचं प्रेम जुळत होतं तेव्हा कॅसिओला ते ठाऊक होतं का? होतं, असं म्हटल्यावर तो नुसता ‘असं होय!’ म्हणून गप्प बसतो. ऑथेल्लो विचारतो, का रे, तो प्रामाणिक नाही का? इयागो तोच शब्द परत करतो: ‘प्रामाणिक, महाराज?’ तुला काय वाटतं? ‘वाटतं, महाराज?’ असं बराच वेळ चालतं. आरोप करणारा एकही आरोप करत नाही. मोकळ्या सोडलेल्या जागा ऑथेल्लो आपल्या हाताने भरतो आणि जे भरतो ते त्याला स्वतःला सापडलेलं सत्य वाटायला लागतं. हे लिहिणाऱ्याला माणसाचं मन किती आतून ठाऊक असेल! मत्सरापासून सावध राहा, तो हिरव्या डोळ्यांचा राक्षस आहे, हा इशाराही ऑथेल्लोला इयागोच देतो.

मग घाव बसतो तो मर्मावर. तिने तुमच्याशी लग्न करताना बापाला फसवलं होतं, इयागो आठवण करून देतो. पहिल्या अंकात ब्रॅबान्शिओ जाता जाता हेच बोलून गेला होता: हिच्यावर लक्ष ठेव, बापाला फसवलं तिने, तुलाही फसवेल. तेव्हा ऑथेल्लोने तिच्या निष्ठेवर प्राण पणाला लावले होते. आता तो म्हणतो, ‘खरं आहे.’

थोड्या वेळाने तो परत येतो तो इयागोचा गळा धरतो आणि डोळ्यांनी दिसेल असा पुरावा मागतो. इथे क्षणभर वाटतं, वाचला. इयागो पुरावा म्हणून काय देतो? कॅसिओ झोपेत काय बरळला याची एक कहाणी, आणि कॅसिओला त्या रुमालाने दाढी पुसताना पाहिल्याचं एक वाक्य. दोन्ही कानांनी ऐकलेल्या गोष्टी. ऑथेल्लो म्हणतो, ‘आता दिसलं मला, खरं आहे हे.’ पाहिलेलं काहीच नाही. दोघं गुडघे टेकून शपथ घेतात आणि कॅसिओचं गेलेलं पद इयागोला मिळतं.

एका रुमालावरून खून! हे पटण्यासारखं आहे का?

न पटणारे पूर्वीपासून आहेत. थॉमस रायमर या समीक्षकाने १६९३ साली या नाटकाची यथेच्छ हजेरी घेतली. एवढा गदारोळ रुमालासाठी कशाला, आणि यातून बोध काय घ्यायचा, बायकांनी आपले कपडे नीट सांभाळावेत हा?

मला वाटतं, रुमाल क्षुल्लक आहे म्हणूनच ही योजना अचूक आहे. इयागो स्वतः म्हणतो की संशयी माणसाला हवेइतक्या हलक्या गोष्टीही धर्मग्रंथातल्या वचनाइतक्या भक्कम वाटतात. पत्र सापडलं असतं तर अक्षर तपासता आलं असतं. माणूस पकडला असता तर त्याला बोलतं करता आलं असतं. रुमाल ना हो म्हणतो ना नाही म्हणतो.

रुमाल पडतो कसा तेही पाहा. ऑथेल्लोचं डोकं दुखतं, डेस्डिमोना त्याच्या कपाळाला रुमाल बांधू पाहते, तो म्हणतो हा फार लहान आहे आणि बाजूला सारतो, रुमाल खाली पडतो. म्हणजे ज्या पुराव्यावर तिचा जीव जातो तो त्यानेच तिच्या हातून पाडलेला असतो, तीही त्याची शुश्रूषा करत असताना. एवढं साधं काहीतरी त्याला नंतर एकदाही आठवत नाही.

आणखी एक गोष्ट. स्ट्रॉबेरीची नक्षी असलेल्या या रुमालाबद्दल तिसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात तो डेस्डिमोनाला सांगतो की एका इजिप्शियन बाईने तो माझ्या आईला दिला, त्यात जादू आहे, हरवला तर अनर्थ होईल. शेवटच्या अंकात मात्र म्हणतो, माझ्या वडिलांनी आईला दिलेली ही खूण. दोन्ही खरं कसं असेल? बहुधा पहिली कहाणी तिला घाबरवण्यासाठी रचलेली. ती घाबरते आणि खोटं बोलते: ‘हरवलेला नाही.’ मरणाच्या क्षणापर्यंत तिचं एवढं एकच खोटं आपल्याला दिसतं.

त्याने डेस्डिमोनाला सरळ का विचारलं नाही?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि बरोबरच आहे.

तो विचारतो, पण निकाल लागून गेल्यावर. चौथ्या अंकात एमिलियाला बोलावून उलटतपासणी घेतो. ती जीव गहाण टाकून सांगते की बाईसाहेब निर्दोष आहेत. तो मनाशी म्हणतो, ही बोलते छान, पण कुठलीही कुंटीण एवढं बोलेल. मग डेस्डिमोनाला वाट्टेल ते बोलतो. ती विचारते: कुणाशी? कसला व्यभिचार? माझ्या हातून नकळत कुठलं पाप घडलं? त्या संपूर्ण प्रवेशात तिच्यासमोर तो कॅसिओचं नाव घेत नाही. रुमालाचा उच्चार करत नाही. आरोपीला आरोपच सांगत नाही.

रुमाल तू कॅसिओला दिलास, हा आरोप तिच्यासमोर येतो तो थेट शेवटच्या रात्री, तिच्या बिछान्याशी. ती ताबडतोब साधा मार्ग सांगते: त्याला बोलवा आणि विचारा. तो म्हणतो, आता तो बोलणार नाही, त्याचं तोंड बंद झालंय. (कॅसिओ खरं तर जिवंत असतो.) हा उपाय तिसऱ्या अंकातही तितकाच सोपा होता.

का टाळलं त्याने? एक कारण वर आलं, निर्णयाची घाई. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांचं लग्नच एका गोष्टीवर उभं आहे. सिनेटसमोर तो सांगतो, मी माझ्या आयुष्यातली संकटं सांगत गेलो, ती घरकाम उरकून पुन्हा पुन्हा ऐकायला येत गेली. त्या संकटांसाठी तिने माझ्यावर प्रेम केलं, आणि तिला त्यांची कणव आली म्हणून मी तिच्यावर. फार सुंदर आहे हे. पण त्यात ती श्रोती आहे. तिचं बोलणं ऐकायची सवय ऑथेल्लोला लागलेलीच नाही. उलट इयागोशी त्याच्या वर्षानुवर्षांच्या छावणीतल्या गप्पा. बायकोशी लग्न होऊन काही दिवस झालेत, ‘प्रामाणिक इयागो’ मात्र जुना साथीदार.

इयागोने हे सगळं का केलं?

कारणं तो भरपूर देतो: बढती हुकली, ऑथेल्लोने आपल्या बायकोशी संबंध ठेवला अशी वदंता आहे, कॅसिओवरही तोच संशय, शिवाय कॅसिओचं आयुष्य इतकं देखणं आहे की आपलं कुरूप दिसतं. कवी कोलरिज यांनी म्हटलं होतं की हा निव्वळ दुष्टावा कारणं धुंडाळत फिरतो आहे. सुंदर निरीक्षण आहे, पण एक गोष्ट त्यात झाकली जाते. एमिलियाबद्दलचा संशय आतडी कुरतडणाऱ्या विषासारखा आहे, असं तो एकटा असताना म्हणतो. एकांतात खोटं कुणासाठी बोलायचं? माझ्या मते इयागो आपला स्वतःचा आजार ऑथेल्लोला लावतो. म्हणूनच रोगाची प्रत्येक पायरी त्याला इतकी ठाऊक आहे.

शेवटी सगळे विचारतात, का केलंस? तो म्हणतो, मला काही विचारू नका, यापुढे मी एक शब्द बोलणार नाही. ज्याने नाटकभर सगळ्यांत जास्त ओळी बोलल्या, तो गप्प बसतो.

नाटकातल्या काळाचा हिशेब लागत नाही असं म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. प्रवेश क्रमाने मोजले तर सायप्रसला उतरल्यापासून खुनापर्यंत जेमतेम दोन रात्री जातात. तरी कॅसिओची प्रेयसी बियान्का त्याला म्हणते की तू आठवडाभर फिरकला नाहीस. आणि मुळात डेस्डिमोनाला कॅसिओशी काही करायला वेळच कुठे होता? रंगमंचावर हे कुणाच्या लक्षात येत नाही. ऑथेल्लोने बसून तारखा मोजल्या असत्या तरी आरोप गळून पडला असता, एवढं मात्र लक्षात ठेवा.

ऑथेल्लोच्या वर्णाचा या शोकांतिकेशी काय संबंध?

फार जवळचा. नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात इयागो ब्रॅबान्शिओच्या खिडकीखाली उभा राहून जनावरांच्या उपमा देत ओरडतो. ब्रॅबान्शिओने ऑथेल्लोला पूर्वी घरी जेवायला बोलावलेलं असतं, पण जावई म्हणून तो चालत नाही. मुलीवर जादूटोणा झाला अशी फिर्याद तो करतो. व्हेनिसला त्याची तलवार हवी आहे, सोयरीक नको.

विष भिनतं ते याच फटीतून. ‘व्हेनिसच्या बायका कशा असतात ते मला ठाऊक आहे’ असं इयागो म्हणतो तेव्हा ऑथेल्लोकडे उत्तर नसतं, कारण तो व्हेनिसचा नाही. मी काळा आहे, मला गोड बोलता येत नाही, वयही उतरतं आहे, असं तो स्वतःला सांगू लागतो. लोक जे त्याच्याबद्दल बोलत होते ते आता तो स्वतःबद्दल बोलतो.

लंडनच्या प्रेक्षकांना मूर अगदीच अनोळखी नव्हते. १६०० साली मोरोक्कोचा राजदूत सहा महिने एलिझाबेथ राणीच्या लंडनमध्ये राहून गेला होता. तरी पुढची दोनशे वर्षं ही भूमिका तोंडाला रंग फासून गोरे नटच करत राहिले. १८३३ साली एडमंड कीन हा नामवंत नट ऑथेल्लो करता करता रंगमंचावरच कोसळला आणि त्यानंतर कॉव्हेंट गार्डनमध्ये ती भूमिका आयरा आल्ड्रिज या न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या कृष्णवर्णीय नटाने केली. १९४३ मध्ये पॉल रोबसनच्या ऑथेल्लोचे ब्रॉडवेवर २९६ प्रयोग झाले.

डेस्डिमोना इतकी सोशिक का?

ती सोशिक आहे हा समज पहिला अंक विसरल्यामुळे होतो. भर सिनेटमध्ये, बापासमोर, सगळ्या राजकारण्यांसमोर ती उभी राहून सांगते की मी याच्याशी लग्न केलं आणि युद्धावरही याच्यासोबत जाणार. त्या काळच्या मुलीने! कॅसिओसाठी ती नवऱ्याशी हुज्जत घालते. ऑथेल्लो पाहुण्यांसमोर तिच्या थोबाडीत मारतो तेव्हा ती म्हणते, ‘मी असं काही केलेलं नाही की हे माझ्या वाट्याला यावं.’ शेवटच्या रात्रीही ती झगडते: उद्या मारा, आज जगू द्या, निदान अर्धा तास, निदान एक प्रार्थना.

मग ती मरत असताना एमिलिया विचारते, कुणी केलं हे? उत्तर येतं, ‘कुणीच नाही. मीच.’ या उत्तराला पातिव्रत्याचा आदर्श म्हणून डोक्यावर घेणारे आहेत. मला ते तसं घेता येत नाही. मार खाल्लेल्या किती बायका ‘मीच पडले’ म्हणतात! सॅम्युएल जॉन्सन यांनी १७६५ च्या आपल्या आवृत्तीत लिहून ठेवलं आहे की हा भयंकर प्रवेश तपासून संपला याचं समाधान वाटतं, तो सोसवत नाही.

मग एमिलियाचं काय?

नाटकातलं सर्वांत मोठं धाडस तिचं. रुमाल तिनेच नवऱ्याला दिला, आणि ऑथेल्लो डेस्डिमोनाला त्याबद्दल दरडावत होता तेव्हा ती गप्प राहिली. ते ओझं तिच्यावर आहेच. पण शेवटी नवरा तलवार उपसून गप्प बस म्हणतो तेव्हा ती गप्प बसत नाही, आणि जीव देऊन खरं सांगते. मत्सराबद्दलचं नाटकातलं सर्वांत शहाणं वाक्यही तिचंच: संशयी लोकांना कारण लागत नाही, ते संशयी असतात म्हणून संशय घेतात.

‘शहाणपणाने नाही, पण फार प्रेम केलं’ हे ऑथेल्लोचं शेवटचं म्हणणं मान्य करायचं का?

मी करत नाही. भाषण अप्रतिम आहे, आणि धोका तोच आहे. टी. एस. एलियट यांनी १९२७ मध्ये लिहिलं की या भाषणात ऑथेल्लो स्वतःलाच धीर देतो आहे, आणि ते मला नेमकं वाटतं. सहजासहजी मत्सर न करणारा, असं तो स्वतःचं वर्णन करतो. अलेप्पोत राज्याच्या एका शत्रूला कसं मारलं ते सांगत त्याच कृतीने स्वतःवर वार करतो. पुन्हा एकदा गोष्ट, पुन्हा तो नायक. शेजारी पडलेल्या बाईला तो फेकून दिलेला मोती म्हणतो.

तरीही त्याची कीव येते, आणि ती यावी अशीच रचना आहे. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेच्या नायकाबद्दल सांगितलं ते हेच: पूर्ण सज्जन नाही, दुष्टही नाही, एखाद्या चुकीने कोसळणारा. कीव येणं आणि माफ करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. माझा गुन्हा सौम्य करून सांगू नका, असं तो स्वतःही म्हणतोच.

अभिजात नाटकांत असे आणखी कोण आहेत?

शेक्सपिअरच्याच ‘द विंटर्स टेल’मधला राजा लिऑन्टिस. त्याला इयागो लागत नाही. बायको पाहुण्याशी हसून बोलली एवढं पाहून तो पेटतो. डेल्फीहून देववाणी येते की राणी निर्दोष आहे, तर तो देववाणीलाच खोटं ठरवतो. लगेच मुलाच्या मृत्यूची बातमी येते आणि डोळे उघडतात. पश्चात्तापाला सोळा वर्षं मिळतात. ऑथेल्लोला काही मिनिटं मिळाली.

ग्रीक रंगभूमीवर सॉफोक्लिसची डियानाइरा आहे. नवऱ्याने घरात दुसरी तरुणी आणली तरी ती आकांडतांडव करत नाही. त्याचं प्रेम परत मिळावं म्हणून वशीकरणाचं समजून एक लेप लावलेलं वस्त्र पाठवते, ते विषारी निघतं आणि हेराक्लिस जळून मरतो. स्पेनच्या काल्देरॉनच्या एका नाटकात नवरा घराण्याच्या अब्रूसाठी निष्पाप बायकोला वैद्याकरवी रक्तस्राव घडवून मारतो, आणि राजा त्याला शिक्षा करत नाही. ते वाचल्यावर ‘ऑथेल्लो’त निदान एमिलिया आहे याचं मोल कळतं.

मराठी रंगभूमीवर ‘ऑथेल्लो’ कधी आलं?

फार लवकर. महादेवशास्त्री कोल्हटकरांचं भाषांतर १८६७ सालचं. मराठीत आलेल्या शेक्सपिअरच्या अगदी पहिल्या नाटकांत त्याची गणना होते. गाजलं ते मात्र गोविंद बल्लाळ देवल यांचं १८९० चं रूपांतर, ‘झुंझारराव’. ऑथेल्लोचा झुंझारराव झाला, डेस्डिमोनाची कमळजा, इयागोचा जाधवराव. नट गणपतराव जोशींचा झुंझारराव हा त्यांच्या हॅम्लेटच्या बरोबरीने घेतला जाणारा विषय. पुढे वि. वा. शिरवाडकरांनीही हे नाटक मराठीत आणलं.

देवलांबद्दल एक गोष्ट मला विलक्षण वाटते. ‘झुंझारराव’नंतर तीनच वर्षांनी, १८९३ मध्ये त्यांनी संशयावरचं दुसरं नाटक लिहिलं, ‘फाल्गुनराव’. मोलिएरच्या प्रहसनावरून आर्थर मर्फीने इंग्रजीत केलेल्या नाटकाचं ते रूपांतर, आणि तेच पदं घालून १९१६ साली ‘संगीत संशयकल्लोळ’ झालं. तिथे रुमालाच्या जागी रस्त्यात पडलेली तसबीर आहे. ती फाल्गुनरावाची बायको कृत्तिका हिच्या हाती लागते, फाल्गुनराव पाहतो आणि संशयाचं चक्र सुरू. यंत्र तेच: पडलेली वस्तू, चुकीच्या हातात, चुकीच्या क्षणी. मग एक नाटक हसवतं आणि दुसरं का नाही?

कारण फाल्गुनराव आणि कृत्तिका दोघंही संशय पोटात ठेवत नाहीत. तोंडावर बोलतात, भांडतात, माग काढतात, चारचौघांत तमाशा करतात. सगळं उघड्यावर आल्यामुळे शेवटी सगळ्यांना एका जागी उभं करून उलगडा करता येतो. ऑथेल्लोचा संशय एकाच माणसाशी बोलतो, आणि तो माणूस इयागो असतो. ही दोन नाटकं पाठोपाठ वाचावीत असं मी मनापासून सांगेन.

पहिल्यांदाच वाचायचं आहे. कुठून सुरुवात करू?

मूळ इंग्रजी जड वाटत असेल तर मराठी भाषांतर हाताशी ठेवून वाचा, त्यात काही कमीपणा नाही. पहिला अंक घाईने उरकू नका. ऑथेल्लो किती उंचीवर होता हे तिथेच कळतं. तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश दोघांनी मिळून मोठ्याने वाचा, आणि इयागो जिथे गप्प बसतो तिथे खरोखर थांबा.

प्रयोग किंवा चित्रित प्रयोग पाहणार असाल तर चौथ्या अंकाचा तिसरा प्रवेश ठेवलाय का हे आधी बघा. दोन बायका, झोपायची तयारी, केसांतले आकडे काढणं, ते विलोचं गाणं, आणि बायकांनाही नवऱ्यांसारखीच जीभ आणि नजर असते हे एमिलियाचं बोलणं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात हा प्रवेश सर्रास कापला जायचा. तो नसेल तर शेवटच्या अंकात एमिलिया नवऱ्याच्या तलवारीसमोर का उभी राहिली ते अर्धंच पोचतं.